सतराव्या खुंटीवरची चावी

१

सतराव्या खुंटीवर चावी होती. कपाटाला कुलूप होतं. आणि सतरा नंबरची पांढरी गाडी अर्धा किलोमीटर पुढे कंपनीच्या बसथांब्यात घुसली होती.

थांब्यावर श्रीधर नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा होता. हिंजवडीतली सकाळची पाळी संपवून तो नुकताच बसमधून उतरला होता. शुक्रवारची दुपार, साडेचारची वेळ, लख्ख ऊन. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

मी सुनीती. वय सहासष्ट, निवृत्त शिक्षिका, मुक्काम नारायण पेठ. माझ्या जिभेबद्दल पेठेत बरंच बोललं जातं आणि त्याचा मला आजवर अभिमान होता. ही हकीकत सांगताना मला लाज वाटते आहे. ते आधीच सांगून टाकते.

हे घडलं ते मांदळवाडीत, हिंजवडीच्या रस्त्यावर. गाव आता नावापुरतंच. जमिनी गेल्या, इमारती आल्या, आणि एकाने घेतली म्हणून दुसऱ्याने घेतली, असं करत घराघरापुढे एकाच बनावटीच्या मोठ्या पांढऱ्या गाड्या आल्या. तिथल्या हळदी दांडग्या. दुपारपासून एका बाजूला हळद चालते आणि दुसऱ्या बाजूला बाटल्या. परतताना माणसं मरायची. मुक्ताबाईंचे यजमान गेनबा असेच एका हळदीहून मोटारसायकलवरून निघाले ते घरी पोहोचलेच नाहीत. त्याला बारा वर्षं झाली. मंदाकिनीच्या नवऱ्याने, मच्छिंद्रने, तर एक थेंबही घेतला नव्हता. त्याला दुसऱ्याच्या हळदीतून निघालेल्या टेम्पोने उडवलं.

पाच वर्षांपूर्वी मुक्ताबाई, मंदाकिनी आणि मी, अशा आम्ही तिघींनी चावीचं कपाट सुरू केलं. मी शिकवत होते त्या तिथल्याच शाळेतलं जुनं लोखंडी कपाट, आत पन्नास खुंट्या. पाहुणा आला की फाटकावर जब्बारभाई त्याची गाडी लावतात, त्याला नंबरचा बिल्ला देतात आणि चावी आमच्या टेबलाशी आणून देतात. आम्ही ती त्या नंबरच्या खुंटीला लावून कपाटाला कुलूप घालतो. जाताना पाहुण्याने यंत्रात फुंकायचं. हिरवा दिवा लागला तर चावी, लाल लागला तर रिक्षा. त्रेचाळीस हळदी झाल्या आणि एकाही पाहुण्याला खरचटलं नाही. टेबलाशी बसायला मुक्ताबाई आणि मंदाकिनी आयत्याच मोकळ्या असायच्या, कारण विधवांना हळद लावायला कुणी बोलावत नाही.

चव्वेचाळिसावी हळद हिंदुरावांच्या धाकट्या मुलीची. त्यांच्याच लॉनवर, घराला लागून. त्यांचा थोरला जावई संभाजी दुपारी बारालाच आला. सतरा नंबर त्याचा. तीन वाजता तो चावी मागायला आला, त्याने यंत्रात फुंकलं आणि लाल दिवा लागला.

"यंत्र बिघडलंय तुमचं," तो म्हणाला.

"यंत्र उत्तम आहे, जावईबापू," मी म्हटलं. "बिघाड फुंकणाऱ्यात आहे. त्याची दुरुस्ती आमच्याकडे होत नाही."

रांगेतले सगळे हसले. कुणीतरी मोबाइलवर टिपूनही घेतलं. मी खूश होते. पुढे तासाभरात नवरीच्या आईची, तुळजाबाईंची, समजूत घालून मी मुक्ताबाईंना मांडवात नवरीजवळ नेलं आणि त्यांचा फोटो काढला. एका दिवसात दोन लढाया जिंकल्या, असं मला वाटत होतं.

अपघाताचा आरडाओरडा ऐकून मी कपाटाकडे धावले. मुक्ताबाईंनी कमरेची किल्ली काढून दार उघडलं. सतराव्या खुंटीवर चावी तशीच. ती मी पर्समध्ये टाकली. पोलिसांनी तिची चौकशीच केली नाही, कारण त्यांना गाडीतच एक चावी सापडली होती.

शनिवारी लग्न उरकलं. रविवारी सकाळी जब्बारभाईंची मुलगी रझिया माझ्या दारात उभी राहिली. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते.

"मॅडम, अब्बांना उद्या दहा वाजता चौकीत बोलावलंय. हिंदुरावांनी स्टेटमेंट दिलंय, की जावयाने गेटवर दोन्ही चाव्या अब्बांकडे दिल्या. अब्बांनी एक तुमच्या टेबलावर दिली आणि दुसरी स्वतःकडे ठेवून नंतर गपचूप परत केली. संभाजीपण हॉस्पिटलमधून सेम तेच सांगतोय. उद्या अब्बांवर केस होणार."

"आणि जब्बारभाई काय म्हणतात?"

"तोच तर प्रॉब्लेम आहे," रझिया म्हणाली. "ते म्हणतात, हो."

२

जब्बारभाईंनी वीस वर्षं कंपनीची बस चालवली. गुडघे गेले तशी नोकरी गेली. तेव्हा त्यांना फाटकावर मुक्ताबाईंनीच आणलं होतं. मी त्यांच्या घरी पोहोचले तेव्हा ते ओट्यावर बसले होते. दाढी दोन दिवसांची वाढलेली.

"जब्बारभाई, चावी का दिलीत?" मी विचारलं.

दिली का, असं मी विचारलं नाही. का दिलीत, असं विचारलं. रझियाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली.

"चुकलं, बाई. लिहून घ्या."

"मी पोलीस नाही. दुसरी चावी बारा ते चार तुम्ही कुठे ठेवली होतीत?"

"खिशात."

"आणि त्या दिवशी दुसऱ्या कुणाची चावी खिशात ठेवलीत?"

"न्हाय."

"मग याचीच का?"

जब्बारभाईंनी गुडघा चोळला. "जावई मानूस. मागितली, दिली."

"लाल दिवा लागलेला तुम्ही बघितला होता."

"बघितला हुता."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस किती वाईट खोटं बोलतो, हे चाळीस वर्षं वर्गात उभं राहून मला पाठ झालं आहे. त्याला खोट्यातले तपशील सुचत नाहीत. ज्याने पाच वर्षांत हिंदुरावांच्या सख्ख्या भावालाही चावी दिली नव्हती, त्याला एका दुपारीच काय झालं?

मी पर्समधून ती चावी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "ही ती पहिली चावी. नीट बघा."

त्यांनी हात पुढे केला नाही. उलट मागे घेतला आणि मान फिरवली. जब्बारभाई या चावीला का घाबरतात ते मला कळेना. मी ती उन्हात धरून पाहिली. काळी चावी, वर दोन बटणं. बटणांच्या कडेने बारीक खाच होती आणि त्या खाचेत काहीतरी वाळून बसलं होतं. मी नखाने टोकरलं. नख पिवळं झालं.

हळद होती.

३

आता सरळ हिशेब मांडला. संभाजी बाराला आला, तेव्हाच त्याची चावी खुंटीला लागली आणि कपाटाला कुलूप पडलं. मांडवात हळद लागली साडेतीनला. मी स्वतः घड्याळ पाहिलं होतं, कारण भटजी उशिरा आल्याबद्दल मी त्यांना दोन शब्द ऐकवले होते. कुलपात असलेल्या चावीला हळद लागत नाही. म्हणजे ही चावी साडेतीननंतर कुणीतरी हळदीच्या हाताने खुंटीला लावली. संभाजीची खरी चावी तेव्हा काढली गेली. दोन चाव्यांची गोष्टच खोटी. आणि कपाटाची किल्ली जब्बारभाईंकडे कधीच नसते.

ती असते टेबलावर बसणाऱ्या बाईकडे. पण टेबलावर तर विधवा. त्यांच्या हाताला हळद कुठून येणार?

मंदाकिनी भाजी निवडत होती. बत्तीस वर्षांची आहे. मला पाहून तिने कोथिंबिरीची जुडी उगाचच दोनदा झटकली.

"मंदा, शुक्रवारी मी टेबलावरून उठले तेव्हा चार वाजून गेले होते. मुक्ताबाई मांडवातून परत आल्या, मला म्हणाल्या, बाई, तुम्ही जा, फोटो काढा. मग तुम्ही दोघीच. बरोबर?"

"बरोबर."

"तू जागची हलली होतीस?"

"न्हाय, बाई. अजिबात न्हाय."

"कुणी कपाट उघडलं?"

"न्हाय."

"तेव्हा कुठलं गाणं लागलं होतं?"

तिने मान वर केली.  मग ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला वाटलं, सापडला चोर.

"मांडवामागं गेले हुते," ती म्हणाली. "पोरी नाचत हुत्या. मच्छिंद्र गेल्यापासून पाय उचलला न्हवता. मागं कोन बघनार न्हाय म्हनून दोन गानी नाचले. बाई, कुनाला सांगू नका. सासूच्या कानावर गेलं तर मला तोंड दाखवायला जागा न्हाय."

 एक मुलगा पाय गमावून पडला होता आणि ही बाई दोन गाणी नाचली म्हणून मेल्याहून मेली झाली होती.

"तू गेलीस तेव्हा टेबलावर कोण होतं?"

"मुक्ताताई हुत्या की. त्या असल्यावर मला काय घोर?" तिने डोळे पुसले. "येताना तुळजाकाकू भेटल्या. टेबलाकडनंच येत हुत्या, भराभरा. हात पिवळे. मी म्हनलं, काकू, इकडं कुनीकडं? तर काय बोलल्याच न्हाईत."

तुळजाबाई. नवरीची आई, जावयाची सासू, हात पिवळे. मुक्ताबाईंची नजर चुकवून तिनेच कपाट उघडलं असणार. मी तडक उठले. जाता जाता मला तुळजाबाईंना काय टाकून बोलायचं ते सुचतही होतं.

४

हिंदुरावांचं घर दुमजली, लॉनला लागून. मांडव अजून उतरवलेला नव्हता. अंगणात पांढरी गाडी उभी होती, हुबेहूब संभाजीच्या गाडीसारखी. लग्नाच्या गडबडीत तिला दोन दिवसांत कुणी हात लावलेला दिसत नव्हता, काचेवर धूळ होती.

तुळजाबाई दारात आल्या. मी नमस्कारही केला नाही. पर्समधून चावी काढली, हात लांब केला आणि बटण दाबलं.

अंगणातली गाडी दोनदा वाजली. तिचे पिवळे दिवे उघडमीट झाले.

तुळजाबाई उंबऱ्यावर बसल्या.

"संभाजीच्या खुंटीवर तुमच्या यजमानांच्या गाडीची चावी," मी म्हटलं. "पाय फुटले वाटतं तिला."

"खिळ्यावरची काढून मीच नेली," त्या म्हणाल्या. "यांना म्हाईत न्हाई. जावई बोलतोय तेच खरं धरून बसल्यात. खुंटी रिकामी दिसली असती तर मंदी बोंबलली असती. म्हनून."

"एका दारू प्यालेल्या माणसाला चावी द्यायला?"

"तुमी गप्प बसा, बाई!" त्या एकदम उसळल्या. "तुमच्या एका बोलन्यानं झालं समदं. धा मान्सांत माझ्या जावयाच्या तोंडाला काळं फासलं. त्याचा व्हिडिओ मित्रांच्या मोबाइलवर फिरला. त्यो आत येऊन भिताडाकडं तोंड करून बसला. म्हनाला, चावी न्हाय तर जेवनार न्हाय, बायकोला आत्ताच्या आत्ता घेऊन जातो आन पुन्हा या घरची पायरी चढनार न्हाय. धाकटीच्या हळदीला थोरली रडत बॅग भरत हुती. मी काय करायचं हुतं? म्हनाला, नुसता गाडीत बसतो, एसी लावतो, कुटं जात न्हाई. मित्रांना चावी दावतो, एवढंच. शपथ घेतली त्यानं."

मी चावी पर्समध्ये परत टाकली. 

"तुम्ही कपाट उघडलं तेव्हा मुक्ताबाई कुठे होत्या?" मी विचारलं.

तुळजाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "कपाट मी कशाला उघडू? किल्ली माझ्याकडं कुटं हुती? ही चावी मी तिच्या हातात दिली."

"कुणाच्या?"

"तुमाला खरंच म्हाईत न्हाई?" त्या म्हणाल्या. "तुमच्या फोनमधी हाय की. बघा जरा."

५

मी बाहेर रस्त्याच्या कडेला उभी राहून फोन काढला. काय दिसणार ते मला ठाऊक होतं.

तीन वाजून पन्नास मिनिटं. मुक्ताबाई नवरीशेजारी. दोन्ही हात वर केलेले, तळवे कॅमेऱ्याकडे, मनगटापर्यंत पिवळे. चेहऱ्यावर असं हसू, जे मी पाच वर्षांत पाहिलं नव्हतं. फोटो मीच काढला. हात वर करायलाही मीच सांगितलं. सुधारणेचा पुरावा म्हणून तो मी बारा ठिकाणी पाठवला होता.

आणि तरी सकाळपासून मी मनाशी घोकत होते, की विधवेच्या हाताला हळद कुठून येणार. जी रीत मी त्या दिवशी स्वतः मोडली, तीच गृहीत धरून हिशेब मांडत होते. विसरले, असं म्हटलं तर ते खोटं होईल. मुक्ताबाईंचं नाव मी मनात येऊच दिलं नाही. जब्बारभाईंचं यायला मात्र मला एक क्षणही लागला नव्हता.

मुक्ताबाईंची खोली गावाच्या टोकाला आहे. त्या नळाशी बसून राखेने हात घासत होत्या. बोटांची सालं निघाली होती. नखांच्या कडा तरीही पिवळ्याच होत्या.

"या, बाई," त्या म्हणाल्या. "मला वाटलंच, तुमी येनार."

मी पायरीवर बसले. टाकून बोलायचं सगळं मी वाटेतच विसरले होते.

"बारा वर्सं," त्या म्हणाल्या. "बारा वर्सं मांडवाच्या बाहेर बसले. सख्ख्या भाचीच्या हळदीला मला म्हनले, तू चुलीकडं बघ. परवा तुळजाबाईनं सोताच्या हातानं माझा हात धरून वाटीत बुडवला. म्हनली, लाव माझ्या लेकीला. बाई, मी नवरीच्या गालाला हात लावला. मला वाटलं, मी पुन्हा मानसात आले."

"आणि मग?"

"मग मी टेबलावर येऊन बसले. धा-पंधरा मिनिटांत तुळजाबाई चावी घेऊन हजर. म्हनली, मुक्ता, आज मी तुझा मान ठेवला, आता तू माझ्या घराचा ठेव. मी न्हाय म्हनले. एकदा म्हनले, दोनदा म्हनले. ती पाया पडाय लागली. हाताला अजून तिच्या घरची हळद वली हुती, बाई. तिसऱ्यांदा मला न्हाय म्हनता आलं न्हाय."

नळाचं पाणी वाहत होतं. ते बंद करायला त्या विसरल्या होत्या. मी उठून बंद केलं.

"जब्बारभाईंनी पाहिलं?"

"त्यो गाडीपुढं आडवा हुबा राहिला. म्हनला, बिल्ला कुटं, चावी कुनी दिली? संभाजीनं माझ्याकडं बोट केलं. जब्बारनं टेबलाकडं बघितलं." त्यांनी नखाची पिवळी कड खरवडली. "मी मान हलवली. जाऊ दे, म्हनून. मी म्हनले तवाच त्यो बाजूला झाला. गेनबा ज्या रस्त्याला गेले त्याच रस्त्याला मी त्याला सोडलं."

"दोन दिवस का गप्प राहिलात, मुक्ताबाई?"

"जब्बार म्हनला, ताई, तुमचं नाव आलं तर कपाट बंद पडंल. माझं आलं तर काय, दुसरा मानूस ठेवतील. मी त्याला हो म्हनले न्हाय. पन न्हाय बी म्हनले न्हाय. लाज वाटली, बाई. कुन्या तोंडानं सांगू?"

इथे मला आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. मुक्ताबाई रडत होत्या आणि माझं डोकं चालत होतं. सगळं तुळजाबाईंवर टाकता येईल. चावी तिची, हळद तिची, मंदाकिनीने तिला परत जाताना पाहिलेलं. किल्ली कमरेची सैल झाली होती आणि तिने ती काढून घेतली, एवढं म्हटलं की झालं. जब्बारभाई सुटतील, मुक्ताबाई वाचतील, कपाट चालू राहील, आणि तो फोटोही सगळीकडून पुसायला नको. फार सुबक उत्तर होतं. चांगली दोन-तीन मिनिटं मी ते मनात घोळवत होते.

"कमरेची किल्ली सैल..." मी सुरुवातसुद्धा केली.

मुक्ताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना लगेच समजलं.

"नको, बाई," त्या एवढंच म्हणाल्या.

६

सोमवारी दहाच्या आधीच आम्ही चौकीत पोहोचलो. बाकावर जब्बारभाई इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, शेजारी रझिया. हिंदुरावही होते. मुक्ताबाईंना पाहिल्यावर जब्बारभाई गुडघे धरत उठले.

"ताई, तुमी का आला? मी सांगतोय न्हवं."

"बस, जब्बार," मुक्ताबाई म्हणाल्या. "माझं मला सांगू दे."

त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. वाटीतल्या हळदीपासून मान हलवण्यापर्यंत. काहीही झाकलं नाही आणि तुळजाबाईंवर एका शब्दानेही जास्तीचं घातलं नाही. मी चावी टेबलावर ठेवली, तिच्या खाचेतली हळद फौजदारांना दाखवली आणि गाडी कोणाची वाजली तेही सांगितलं. हिंदुरावांचं तोंड हळूहळू उतरत गेलं. आपल्या घरातली चावी त्यांनी ओळखली. जावयाने सांगितलेलं आपण खातरी न करता लिहून दिलं, असं ते फौजदारांना पुटपुटले. जब्बारभाईंकडे त्यांनी पाहिलं नाही.

"माझंही लिहून घ्या," मी म्हटलं. "त्या माणसाचा चारचौघांत पाणउतारा केला मी. तिथून सुरुवात झाली. दिवा लाल लागला होता, तेवढं पुरे होतं. नुसतं नाही म्हणून भागलं असतं. मला हशा हवा होता."

फौजदार तरुण होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, टोमण्याला कलम नाही."

जब्बारभाईंवर केस झाली नाही. मुक्ताबाईंना दोन वेळा पुन्हा यावं लागेल असं सांगितलं, तुळजाबाईंनाही. संभाजीवर तर होतीच. बाहेर आल्यावर मी जब्बारभाईंपुढे उभी राहिले आणि त्यांची माफी मागितली. ते संकोचले, हात जोडून म्हणाले, "जाऊ द्या, बाई, तुमीच तर शोधून काढलं."

रझिया मात्र गप्प राहिली नाही.

"अब्बा जाऊ द्या म्हणतील. त्यांना सवय आहे," ती म्हणाली. "पण मॅडम, तीन दिवस सगळं गाव अब्बांचं नाव घेत होतं. कुणाला प्रूफ लागलं नाही. आणि मुक्ताकाकूंसाठी चावी, हळद, फोटो, टाइम, सगळं जमलं तरी तुम्हाला खरं वाटेना. का ते तुम्हीच बघा."

मला ते बघायची गरज नव्हती. मला माहीत होतं. मी मान खाली घातली आणि तशीच उभी राहिले. चाळीस वर्षं मी मुलांना तसं उभं करत आले होते.

"कपाटाचं काय करायचं?" मंदाकिनीने विचारलं. ती कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

"आधी दवाखान्यात जायचं," मुक्ताबाई म्हणाल्या. "त्या पोराला सांगितल्याशिवाय मला त्या टेबलावर बसता येनार न्हाय."

"मी पन येतो," जब्बारभाई म्हणाले.

७

श्रीधर खिडकीजवळच्या खाटेवर होता. चादर डाव्या बाजूला गुडघ्यानंतर सपाट होती. आम्ही तिघंही तिथे बघायचं टाळत होतो आणि टाळतो आहोत हे त्याला दिसत होतं. त्याची आई लातूरहून आली होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं की हळदीच्या चाव्यांचं काम करणाऱ्या बायका भेटायला येत आहेत. ती लगबगीने उठली आणि तिने मुक्ताबाईंचे दोन्ही हात धरले.

"फार चांगलं काम करता हो तुम्ही," ती म्हणाली. "तुमच्यासारख्या बायका आहेत म्हणून बाकीची लेकरं तरी वाचतात. बसा ना. पाणी देऊ का?"

मुक्ताबाईंना हात सोडवून घेता येईनात. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच मिटलं. हे त्यांनीच सांगायचं होतं.

"चावी मी दिली," मुक्ताबाई म्हणाल्या.

त्या आईला आधी समजलंच नाही. ती हसत होती. मुक्ताबाईंनी पुन्हा सांगितलं, नाव घेऊन, वेळ सांगून. मग आईने हात सोडले आणि पदराला पुसले.

"फाटकात मी हुतो," जब्बारभाई म्हणाले. "गाडीपुढं हुबा हुतो. सरकायला नको हुतं."

श्रीधरने माझ्याकडे पाहिलं. मी घरून चार वाक्यं तयार करून आणली होती. समाज, रीत, मान वगैरे.

"मी त्याला चिडवलं," मी म्हटलं. "आणि मग टेबल सोडून फोटो काढायला गेले."

तो आमच्याकडे एकेक करून बघत राहिला. रागाने बघितलं असतं तर सोसलं असतं. तो नुसता मोजत होता.

"तिघं होता तुम्ही तिथे?" त्याने विचारलं.

मुक्ताबाईंनी पिवळ्या नखांची बोटं पदराखाली घेतली. त्याने पुन्हा विचारलं नाही. त्याची आई म्हणाली, आता तुम्ही निघा, त्याच्या ड्रेसिंगची वेळ झाली आहे.